सार्वजनिक सेवेसाठी व्यवस्थापन शिकायचंय? जाहिरात वाचण्यापासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत

सरकारी खातं, महापालिका, सार्वजनिक रुग्णालय, आंतरराष्ट्रीय संस्था किंवा मोठी स्वयंसेवी संस्था चालवायला शिकवणारी वेगळी पदव्युत्तर पदवी असते, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. कळल्यावर एमपीए (सार्वजनिक प्रशासन), एमपीपी (सार्वजनिक धोरण), एमपीएम (सार्वजनिक व्यवस्थापन) अशी आद्याक्षरं अंगावर येतात. प्रत्येक विद्यापीठाची वेबसाइट 'उद्याचं नेतृत्व' घडवत असते, त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. मी या सगळ्यातून गेले आहे आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज वाचून दिले आहेत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून क्रमाने लिहून काढते आहे. देश कुठलाही असो, पायऱ्या साधारण याच.

१. पदवी शोधण्याआधी नोकरीच्या जाहिराती वाचा

विद्यापीठांच्या याद्या बाजूला ठेवा. पाचेक वर्षांनी जे पद तुम्हाला हवंसं वाटतं, त्या प्रकारच्या दहा-बारा जाहिराती गोळा करा आणि एका एक्सेल शीटमध्ये चार रकाने करा: मागितलेली पदवी, अनुभवाची वर्षं, नेमकी कौशल्यं, नागरिकत्वाची अट. तासाभराचं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय यावरून सोपे होतात.

चौथा रकाना विसरू नका. परदेशात सार्वजनिक व्यवस्थापन शिकून तिथल्याच सरकारात नोकरी करायची, असं मनात धरून निघणारे पुष्कळ असतात. बहुतेक देशांत केंद्रीय सरकारी पदं नागरिकांसाठीच राखीव असतात. परदेशी विद्यार्थ्याला तिथे स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या किंवा आंतरराष्ट्रीय संघटना, एवढाच पट मोकळा असतो.

दुसरा सापळा भरतीच्या पद्धतीत आहे. भारत किंवा फ्रान्ससारख्या देशांत वरिष्ठ प्रशासकीय सेवेत प्रवेश मुख्यतः स्पर्धा परीक्षेतून होतो. तिथे ही पदवी परीक्षेला पर्याय ठरत नाही. ती सेवेत असलेल्यांना, परीक्षेच्या वाटेने न जाणाऱ्यांना किंवा सरकारसोबत बाहेरून काम करणाऱ्यांना उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला, म्हणजे तरुणांच्या भरतीच्या योजनेला, तर साधी पदवी चालते. अडचण येते ती वयाची आणि तुमचा देश त्या वर्षीच्या सहभागी देशांच्या यादीत आहे की नाही याची.

आणि एकाच दारावर भिस्त ठेवू नका. अमेरिकेत १९७७ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारात घेणारा प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोज हा कार्यक्रम होता. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये एका अध्यक्षीय आदेशाने बंद झाला. त्याच्याच भरवशावर दोन वर्षं अभ्यास केलेल्यांनी काय करावं?

२. आद्याक्षरांच्या मागे काय आहे ते बघा

ढोबळ फरक असा. शहरात पाणीपट्टी वाढवावी का, वाढवली तर कुठल्या थरातल्या कुटुंबांवर किती बोजा पडेल, सवलत कुणाला द्यावी, हा एमपीपीचा, म्हणजे सार्वजनिक धोरणाचा प्रांत. वाढ मंजूर झाल्यावर मीटर बसवायचं कंत्राट कसं काढायचं, तक्रारी कुणी घ्यायच्या, घरोघर फिरून वसुली करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नव्या पद्धतीत कुठे सामावायचं, पहिल्याच महिन्यात बिलं चुकली तर कोण उत्तर देणार, हा एमपीएचा, म्हणजे सार्वजनिक प्रशासन आणि व्यवस्थापनाचा.

एमपीए जुनी. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातलं मॅक्सवेल स्कूल १९२४ साली सुरू झालं, तिथून या पदवीची परंपरा सांगतात. हार्वर्डचं केनेडी स्कूल १९३६ साली निघालं तेही सार्वजनिक प्रशासनाचं स्कूल म्हणूनच. धोरण विश्लेषणावर भर देणारी स्कूल्स पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. बर्कलीचं १९६९ चं.

आता मात्र नावावर विसंबून चालत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एमपीएमध्ये अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र भरपूर आहे. हार्वर्डची एमपीपी दोन वर्षांची आणि करिअरच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी. प्रिन्स्टनची एमपीपी एका वर्षाची आणि अनुभवी अधिकाऱ्यांसाठी. प्रिन्स्टनमध्ये तरुणांसाठी आहे ती एमपीए, तर हार्वर्डमध्ये बरीच वर्षं काम केलेल्यांसाठी एक वर्षाची मिड-करिअर एमपीए आहे. अक्षरं तीच, माणसं वेगळी. पात्रतेचं पान न वाचता फी भरून अर्ज केला की तो पहिल्याच चाळणीत बाद होतो.

एमबीए करून सार्वजनिक क्षेत्रात जावं का, हेही विचारलं जातं. जाता येतं. येल विद्यापीठाचं व्यवस्थापन स्कूल १९७६ साली सुरू झालं ते सार्वजनिक आणि खाजगी अशा दोन्ही व्यवस्थापनांची एकत्र पदवी देण्यासाठी. १९९९ पासून तिथेही एमबीएच मिळते. माझं मत असं की वित्त, पुरवठा साखळी किंवा रुग्णालय व्यवस्थापन हे तुमचं मुख्य काम असेल तर एमबीए चांगलीच आहे. पण विधिमंडळ, लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार, निवडणुका यांच्या चौकटीत राहून निर्णय कसे घ्यायचे, हे एमबीएच्या वर्गात सहसा कुणी शिकवत नाही.

सेवेत असलेल्यांसाठी बंगळूरच्या आयआयएमचा सार्वजनिक धोरण आणि व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम २००२ पासून आहे. सहकारी आणि ग्रामीण संस्था चालवायच्या असतील तर आणंदची 'इर्मा' १९७९ पासून नेमकं तेच शिकवते. सिंगापूरचं ली क्वान यू स्कूल आणि बर्लिनचं हर्टी स्कूल ही तुलनेने नवी, पण या क्षेत्रातली माहीत असावीत अशी नावं.

३. अभ्यासक्रमाचं पान उघडा, माहितीपत्रक मिटा

माहितीपत्रकात हसरे चेहरे असतात. तुम्हाला हवी असते विषयांची यादी, आणि त्यातही सक्तीचे विषय कुठले ते. अर्थसंकल्प आणि सार्वजनिक वित्त, संख्याशास्त्र, कार्यक्रमांचं मूल्यमापन, मनुष्यबळ, खरेदी आणि कंत्राटं यांपैकी किती विषय सक्तीचे आहेत ते मोजा. पदवीच्या नावात 'व्यवस्थापन' असून अर्थसंकल्प हा विषय ऐच्छिक असेल, तर मी तरी दोनदा विचार करीन.

मग कॅपस्टोन बघा. म्हणजे शेवटच्या टप्प्यात एखाद्या खऱ्या खात्यासाठी किंवा संस्थेसाठी केलेलं काम. खरा ग्राहक असतो की गृहीत धरलेला, हे वेबसाइटवर नसेल तर ईमेल करून विचारा.

नोकऱ्यांचे आकडे वाचताना थोडा संशय असू द्या. 'सार्वजनिक क्षेत्रात इतके टक्के' यात रजेवर आलेले आणि आपल्याच जुन्या खुर्चीत परत गेलेले अधिकारी धरले आहेत का? किती जणांनी सर्वेक्षणाला उत्तर दिलं? सल्लागार कंपन्यांत गेलेले कुठल्या रकान्यात आहेत?

मान्यतेबद्दल एवढंच: 'नास्पा' नावाची संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. अमेरिकेत ती जरूर तपासा. इतर देशांत ती नसली म्हणून अभ्यासक्रम कमअस्सल ठरत नाही. तिथली आपली मान्यता व्यवस्था बघा.

४. कागदपत्रं: काय काय लागतं

अर्ज सुरू करण्याआधी एक फोल्डर करा आणि यातलं एकेक त्यात टाकत जा:

– सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट
– पदवी प्रमाणपत्र (अजून हाती नसेल तर तात्पुरतं)
– अनुभवाची प्रमाणपत्रं, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखांसह
– सीव्ही, एक किंवा दोन पानी
– एसओपी, म्हणजे हेतुपत्र
– दोन किंवा तीन शिफारसपत्रं
– मागितलं असेल तर जीआरई किंवा जीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर
– शिकण्याची भाषा इंग्रजी असेल तर आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर
– काही ठिकाणी लेखनाचा नमुना किंवा छोटा धोरण-मेमो
– पासपोर्ट, परदेशी जायचं असल्यास
– सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि अध्ययन रजेची मंजुरी

या यादीतली शेवटची ओळ सर्वांत जास्त वेळ खाते. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे विचारत फिरणं भाग असतं, आणि मंजुरीसोबत बहुधा बाँडही येतो: परत येऊन अमुक वर्षं नोकरी करीन, नाहीतर पैसे भरीन. सही करण्याआधी बाँड सबंध वाचा. रजेच्या काळात ज्येष्ठता आणि वेतनवाढ धरली जाते का, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. तोंडी 'होईल हो' ऐकून निघू नका.

ट्रान्सक्रिप्टचंही तसंच. विद्यापीठं ती द्यायला आठवडे लावतात, म्हणून सर्वांत आधी तिचाच अर्ज करा. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि परीक्षेची नोंदणी या तिन्ही ठिकाणी नाव एकाच क्रमाने लिहिलेलं आहे ना, तेही तपासा. आडनाव आधी की शेवटी, एवढ्यावरूनसुद्धा स्कोअर जोडला जात नाही.

मुदती: जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो, आयईएल्टीएस आणि टोफेलचा दोन. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई लहान झाली आहे, दोन तासांच्या आत संपते. त्यामुळे जुन्या पद्धतीची सराव पुस्तकं घेत बसू नका.

५. गणिताचं काय?

कला शाखेतून किंवा समाजकार्यातून आलेल्यांची ही पहिली धास्ती. पहिल्या सेमिस्टरला संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र असणारच. लागतं ते शाळेतलं बीजगणित, टक्केवारी, आलेख वाचणं आणि थोडी संभाव्यता. बरीच स्कूल्स सत्राआधी गणिताचा उजळणी वर्ग घेतात. निवड समितीला मात्र आधीच पुरावा हवा असतो. पदवीला हे विषय नव्हते, तर गुण देणारा एखादा ऑनलाइन कोर्स पूर्ण करून त्याचा दाखला जोडा. एक्सेलमधली पिव्हट टेबलं आताच शिकून घ्या. ती वर्गातही लागतात आणि नोकरीतही.

६. एसओपी: 'लहानपणापासून समाजसेवा' हे वाक्य खोडा

अर्ज वाचून देताना माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. दहातले बरेच एसओपी एकाच सुरात सुरू होतात: 'लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करायचं होतं.' वाक्य खरं असेलही. पण ते प्रत्येकाचं आहे, त्यामुळे त्यात तुम्ही दिसत नाही.

हा दुसरा नमुना बघा:

'आमच्या कार्यालयात निवृत्तिवेतनाचा अर्ज पाच टेबलांवरून फिरायचा. त्यातली दोन टेबलं फक्त शिक्का मारत होती. ती वगळण्याचा प्रस्ताव मी मांडला. तो मंजूर झाला, पण अंमलात आला नाही, कारण त्या दोन टेबलांवर बसणाऱ्या माणसांना कुठलं काम द्यायचं याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.'

चार वाक्यांत काम कुठलं ते कळलं, माणूस निरीक्षण करतो हे कळलं, आणि त्याला व्यवस्थापनच का शिकायचंय तेही कळलं. शिवाय त्याने दोन टेबलांवरच्या माणसांना खलनायक केलेलं नाही. निवड समितीत अनेकदा स्वतः प्रशासनात काम केलेली मंडळी असतात. 'सगळी यंत्रणा सडलेली आहे आणि मी ती बदलणार' असं वाचलं की ती पान उलटतात.

यानंतर तीन गोष्टी सांगा. नेमकं काय येत नाही, जे शिकायचंय? याच स्कूलमधला कुठला विषय, कुठलं केंद्र, कुठला कॅपस्टोन ते शिकवील? आणि पदवीनंतर पहिलं पद कुठलं? इथे पहिल्या पायरीतलं एक्सेल शीट कामी येतं. 'धोरणनिर्मितीत योगदान' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'महापालिकेच्या वित्त विभागात भांडवली कामांचं नियोजन' असं लिहा. ते बदललं तर कुणी तुम्हाला जाब विचारणार नाही.

दोन सावधगिऱ्या. कार्यालयातली गोपनीय टिपणी, लाभार्थ्यांची नावं, चालू चौकशीचे तपशील एसओपीत घालू नका. फुशारकीच्या नादात हे होतं. आणि एकच मजकूर सगळीकडे पाठवताना दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव आत राहतं. पाठवण्याआधी नाव शोधून बघा, साधं 'फाइंड' वापरून.

७. शिफारसपत्रं मोठ्या खुर्चीकडून घेऊ नका

म्हणजे ती खुर्ची तुम्हाला ओळखत असेल तर जरूर घ्या. पण सचिवांनी किंवा आमदारांनी लिहिलेल्या 'सदर उमेदवार होतकरू असून' या पत्रापेक्षा, ज्या वरिष्ठांनी तुमचे मसुदे दुरुस्त केले त्यांचं एक पान जास्त वजनदार ठरतं. किमान दोन महिने आधी विचारा. सोबत टिपण द्या: आपण एकत्र कुठलं काम केलं, त्यात माझा वाटा काय होता, अंतिम तारीख कुठली.

'तूच लिहून आण, मी सही करतो' हे उत्तर हमखास येतं. टाळा. एसओपी आणि पत्र एकाच हातचं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. टिपणच जरा सविस्तर द्या आणि भाषा त्यांची राहू द्या. आणखी एक बारीक गोष्ट: बऱ्याच पोर्टलना शिफारस करणाऱ्याचा कार्यालयीन ईमेल हवा असतो, आणि पोर्टलचा मेल हमखास स्पॅममध्ये पडतो. लिंक मिळाली का, हे फोन करून विचारा.

८. पैसे: स्कॉलरशिपची तारीख प्रवेशाच्या तारखेआधी येते

हे उलट क्रमाने करणारे फार. प्रवेश मिळाला की स्कॉलरशिप बघू म्हणतात, आणि तोवर खिडकी बंद झालेली असते. ब्रिटनच्या चिव्हनिंगसाठी जवळपास वर्षभर आधी अर्ज करावा लागतो, त्याला दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. जपान आणि जागतिक बँकेची संयुक्त स्कॉलरशिप विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठी आहे. तिला विकासाशी संबंधित पूर्णवेळ कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेअंतर्गत सार्वजनिक धोरणाचा एक संयुक्त अभ्यासक्रम आहे, त्यात दोन वर्षांत दोन देशांत शिकता येतं. प्रिन्स्टन एमपीएच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं शिक्षणशुल्क स्वतः भरतं. अर्थात म्हणूनच तिथली चुरसही तशीच.

कर्ज काढणार असाल तर एकच हिशेब आधी मांडा: महिन्याचा हप्ता आणि तुमच्या शीटमधल्या जाहिरातींचा सुरुवातीचा पगार, शेजारी शेजारी. सार्वजनिक सेवेतले पगार सल्लागार कंपन्यांसारखे नसतात. जड हप्त्यापायी माणूस मनाविरुद्ध खाजगी नोकरीत जातो आणि पदवी घेतली कशासाठी हा प्रश्न उरतो. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने सार्वजनिक सेवेत राहून १२० पात्र हप्ते भरणाऱ्याचं उरलेलं कर्ज माफ होतं, पण ते तिथल्या संघराज्य सरकारच्या कर्जांपुरतं. परदेशी विद्यार्थ्याला ती कर्जं सहसा मिळतच नाहीत. इंटरनेटवर वाचून कुणी भुलू नये म्हणून सांगितलं.

एक वर्षाचा अभ्यासक्रम स्वस्त पडतो, पगारही एकाच वर्षाचा बुडतो. पण त्यात मधल्या सुट्टीतली इंटर्नशिप नसते. रजेवर आलेल्याला तिची गरज नाही. क्षेत्र बदलणाऱ्याला तीच सर्वांत मोलाची असते, त्याने दोन वर्षांचाच विचार करावा.

९. ऑफर हातात आल्यावर

तुमच्यासारखीच पार्श्वभूमी असलेल्या दोघा विद्यार्थ्यांशी बोला. 'कसं आहे?' असं विचारू नका, 'छान आहे' एवढंच ऐकायला मिळेल. विचारा: ऐच्छिक विषयांत हवा तो मिळाला का, इंटर्नशिप स्कूलने दिली की स्वतः शोधली, करिअर ऑफिसला सरकारी भरती कळते का. दुसऱ्या स्कूलकडून जास्त आर्थिक मदत मिळाली असेल तर तसं नम्रपणे कळवून फेरविचाराची विनंती करता येते; त्यात संकोच नको. जागा राखण्यासाठी भरलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही. आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तर स्कॉलरशिपही पुढे जाते असं गृहीत धरू नका.

१०. पहिलं सेमिस्टर

पहिला धक्का बसतो मेमोचा. कॉलेजात लांबलचक निबंध लिहून गुण मिळवलेले असतात. इथे मंत्र्यांसाठी दोन पानी मेमो मागतात. प्रस्तावना, पार्श्वभूमी, समस्येचं स्वरूप असं करत माणूस दुसऱ्या पानाच्या तळाशी शिफारशीपर्यंत पोचतो. कागद परत येतो तेव्हा त्या शेवटच्या ओळीभोवती चौकट असते आणि तिथून एक बाण पहिल्या पानाच्या माथ्यावर नेलेला असतो. मधल्या मजकुरावर उभी रेघ. सवय लागली की कळतं: शिफारस आधी, मग कारणं, मग खर्च, मग कोण विरोध करील ते.

विषय निवडताना 'नेतृत्व' आणि 'वाटाघाटी' यांच्या वर्गांना प्रतीक्षायादी असते, खरेदी आणि कंत्राट व्यवस्थापनाच्या वर्गात जागा रिकाम्या. त्या रिकाम्या वर्गात बसा. सार्वजनिक पैशाचा फार मोठा भाग कंत्राटांतून जातो, आणि निविदेची कागदपत्रं नीट वाचता येणारा माणूस कुठल्याही खात्याला हवाच असतो.

कॅपस्टोनसाठी ग्राहक पहिल्याच सेमिस्टरपासून शोधायला लागा. खातं तयार झालं की पहिल्या भेटीतच तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या: आकडेवारी कोण आणि कधी देणार, अहवाल प्रसिद्ध करता येईल का, आणि तुमच्या संपर्कातल्या अधिकाऱ्याची मध्येच बदली झाली तर पुढे कुणाशी बोलायचं.